कॉफीतले अँटिऑक्सिडंट : किती कप, त्याआधी कोणत्या वेळी

नाशिकच्या सिडकोतून एका ताईंनी विचारलं आहे : "माझं वय ४८. भाची म्हणाली, कॉफीत सगळ्यात जास्त अँटिऑक्सिडंट असतात, साखर आटोक्यात राहते, लिव्हरला चांगली असते. म्हणून तीन महिन्यांपूर्वी चहा सोडला आणि कॉफी धरली. दिवसाला पाच कप होतात. सकाळी थायरॉईडच्या गोळीबरोबर पहिला, पोह्या-उपम्याबरोबर दुसरा, दुपारी जेवण झाल्या झाल्या तिसरा, चारला चौथा आणि रात्री मालिका बघताना पाचवा. दूध आणि दोन चमचे साखर घालूनच घेते. हिमोग्लोबिन ९.८ आहे, लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर चालू आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ आली. मला या कॉफीचा खरंच फायदा होतोय का? काळी प्यावी का? ग्रीन कॉफी घेऊ का?"

ताई, गेली २२ वर्षं मी नाशकात आहारसल्ला देते. पूर्वी लोक विचारायचे, कॉफीने उष्णता होते का. आता विचारतात, अँटिऑक्सिडंट मिळतात का. तर हो, मिळतात, आणि भरपूर मिळतात. कॉफी चांगलं पेय आहे, ती सोडा असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण तुम्ही ज्या वेळांना ती घेताय, त्या वेळा पाहून मला काळजी वाटली. त्यामुळे अँटिऑक्सिडंटचं थोडं नंतर बोलू, आधी तुमच्या दोन गोळ्यांचं बघू.

थायरॉईडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतकं बारीक माप असलेलं औषध आतड्यातून नीट शोषलं जायला पोट रिकामं हवं आणि सोबत फक्त साधं पाणी हवं. कॉफीमुळे तिचं शोषण कमी होतं, आणि तुमच्या कॉफीत दूध असल्यामुळे दुधातलं कॅल्शियमही आड येतं. माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षिकेचा टीएसएच (रक्तातला हा आकडा चढा असला की थायरॉईडची गोळी कमी पडतेय असं समजतात) वर्षभर खाली यायचं नाव घेत नव्हता, डोस दोनदा वाढवला होता. सगळा दिनक्रम विचारत गेले तेव्हा कळलं, सकाळची शाळा असल्यामुळे त्या गोळी कॉफीच्या पहिल्या घोटाबरोबरच गिळायच्या. वेळ बदलल्यावर दोन महिन्यांत आकडा इतका खाली आला की डोस परत कमी करावा लागला. म्हणून तुम्हालाही सांगते : गोळीनंतर निदान तासभर थांबा, आणि हा बदल केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून डॉक्टरांना दाखवा. गोळी आता पूर्ण लागू पडायला लागेल, तेव्हा डोस तोच ठेवायचा की नाही ते त्यांनाच ठरवू द्या.

दुसरी गोष्ट लोहाची, आणि इथे अँटिऑक्सिडंटचा थेट संबंध येतो. कॉफीतले जे पॉलिफिनॉल, म्हणजे वनस्पतींत असणारी द्रव्यं, अँटिऑक्सिडंट म्हणून वाखाणले जातात, तेच आतड्यात लोहाला धरून बसतात आणि रक्तात जाऊ देत नाहीत. १९८३ साली अमेरिकेत यावर झालेला एक अभ्यास आम्ही आहारतज्ज्ञ अजूनही सांगतो. जेवणाबरोबर एक कप कॉफी घेतली तर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं, चहा घेतला तर ६४ टक्क्यांनी. म्हणजे चहाच्या जागी कॉफी आणलीत यात तुमचं बिघडलं नाही, उलट थोडं सुधारलंच. पण त्याच अभ्यासातली पुढची गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. जेवणाच्या एक तास आधी कॉफी घेतली तर लोहावर काहीच परिणाम झाला नाही. जेवणानंतर एक तासाने घेतली, तर मात्र जेवणाबरोबर घेतल्याइतकंच शोषण घटलं. अन्न तासाभरात पोटातून पुढे सरकलेलं नसतं, म्हणून असं होतं. तुम्ही जेवण, लोहाची गोळी आणि कॉफी अर्ध्या तासाच्या आत घेताय. पैसे देऊन आणलेलं लोह त्या कपातच अडकतंय.

बरं, ४८ व्या वर्षी हिमोग्लोबिन ९.८ असताना दोष फक्त कॉफीच्या माथी मारता येणार नाही. बायकांमध्ये १२ च्या खाली आलं की पंडुरोग धरतात. पाळी अजून चालू असेल आणि रक्तस्राव जास्त होत असेल, तर ते अंगावर काढू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. पाळी थांबली असूनही हिमोग्लोबिन इतकं कमी असेल, तर रक्त कुठे जातंय याचा शोध घ्यायलाच हवा.

याच आकड्याशी तुमची ती ६.१ ची साखरही जोडलेली आहे. तीन महिन्यांची सरासरी ही लाल पेशींना चिकटलेल्या साखरेवरून काढतात. शरीरात लोह कमी असलं की ही सरासरी आहे त्यापेक्षा थोडी जास्त दिसू शकते. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, हे खरंच आहे, पण तुमच्या बाबतीत या एका आकड्यावर विसंबू नका. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर तपासून घ्या. कॉफीने साखर उतरली की चढली, हे या ६.१ वरून आज कुणालाच सांगता येणार नाही.

आता अँटिऑक्सिडंट. शब्द मोठा आहे, पण ही गोष्ट तुम्ही आयुष्यभर स्वयंपाकघरात बघत आलाय. भरल्या वांग्यासाठी वांगी चिरून ताटलीत ठेवली की दहा मिनिटांत आतला पांढरा भाग तपकिरी होतो, म्हणून आपण ती मिठाच्या पाण्यात टाकतो. वांगं काळं पडतं ते त्यातल्या क्लोरोजेनिक आम्लामुळे. चिरल्यावर हवेतला ऑक्सिजन आत शिरतो, आणि वांग्यातल्याच एका एन्झाइमच्या साहाय्याने तो आधी या आम्लावर तुटून पडतो. ऑक्सिजनचा मारा स्वतःवर झेलणं, हेच अँटिऑक्सिडंटचं काम. आणि हेच क्लोरोजेनिक आम्ल हा कॉफीतला मुख्य अँटिऑक्सिडंट आहे. कॉफीच्या एका कपात ते साधारण ७० ते ३५० मिलिग्रॅम असतं. एवढी मोठी तफावत का? बी कोणतं, किती भाजलं, पावडर किती घातली, यावर सगळं अवलंबून असतं.

भाजणं इथे फार महत्त्वाचं. कच्च्या हिरव्या बीत हे आम्ल सर्वाधिक असतं आणि भाजत जाल तसं मोडत जातं. अगदी काळपट भाजलेल्या बीत फार थोडं उरतं. पण भाजताना साखर आणि प्रथिनं एकत्र येऊन मेलॅनॉइडिन नावाची तपकिरी द्रव्यं तयार होतात. भाकरीच्या पापुद्र्याला जो खरपूस रंग येतो, तोही याच जातीच्या क्रियेतून. या द्रव्यांतही अँटिऑक्सिडंट गुण असतो, त्यामुळे भाजलेली कॉफी अगदीच रिकामी होत नाही. मध्यम भाजलेली घेतलीत तर चव आणि गुण दोन्ही हाताशी राहतात. रोबस्टा जातीत क्लोरोजेनिक आम्ल आणि कॅफिन दोन्ही अरेबिकापेक्षा जास्त असतं, आणि भारतात पिकणारी बहुतांश कॉफी रोबस्टाच आहे. (आपल्या महाराष्ट्रातही चिखलदऱ्याला कॉफी पिकते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.)

पाकीट घेताना एक मात्र बघाच : चिकोरी किती टक्के आहे. आपल्याकडे कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी असा नियम आहे आणि प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं. चिकोरी वाईट नाही, ती एका झाडाची भाजलेली मुळी. तिने कॉफीला दाटपणा आणि रंग येतो, पण ती कॉफी नव्हे. अभ्यासातले फायदे कॉफीचे आहेत. पाकिटात जवळजवळ निम्मी चिकोरी असेल तर कपात कॉफी निम्मीच उतरणार.

"सगळ्यात जास्त अँटिऑक्सिडंट कॉफीत" हे वाक्य भाचीपर्यंत कुठून आलं, तेही सांगते. २००५ साली अमेरिकेतल्या स्क्रँटन विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ जो विन्सन यांनी मांडलं की अमेरिकन माणसाच्या आहारात अँटिऑक्सिडंटचा पहिल्या क्रमांकाचा स्रोत कॉफी आहे. ते खरंच होतं, पण त्यामागे दोन गोष्टी होत्या : कॉफीत ते भरपूर असतात, आणि अमेरिकन माणूस कॉफी खूप पितो, फळं-भाज्या कमी खातो. आपल्यापर्यंत येईतो पहिलीच गोष्ट उरली. त्या काळात पदार्थांना अँटिऑक्सिडंटचे गुण देणाऱ्या याद्याही फिरत होत्या. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशी एक मोठी यादी ठेवली होती, ती २०१२ साली त्यांनीच काढून टाकली. परीक्षानळीत मिळालेले गुण माणसाच्या शरीरात तसेच लागू पडतात असं दिसत नव्हतं, आणि त्या आकड्यांवर लोक मात्र भुकट्या आणि गोळ्या विकत होते.

जास्त अँटिऑक्सिडंट म्हणजे जास्त आरोग्य, हा हिशेब किती चुकू शकतो ते फिनलंडमध्ये दिसलं. २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरची एक चाचणी १९९४ साली प्रसिद्ध झाली. बीटा कॅरोटीन हे उत्तम अँटिऑक्सिडंट, गाजरातलं. ते गोळीतून रोज दिल्यावर फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी वाढला. गाजर खाणं आणि गाजरातला एक घटक उपसून गोळीत भरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कोणी मला अँटिऑक्सिडंटची डबी दाखवली की मला ही चाचणी आठवते.

मग कॉफी शरीरात करते काय? क्लोरोजेनिक आम्लाचा साधारण तिसरा हिस्सा लहान आतड्यात शोषला जातो. उरलेलं मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जिवाणू त्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे रक्तात जातात. रक्तात त्यांचं प्रमाण इतकं थोडं असतं की थेट ऑक्सिजनशी झुंजून ते फार काही करत असतील असं आता मानत नाहीत. पेशींच्या स्वतःच्या बचावाच्या यंत्रणेला ते जागं करतात, हे स्पष्टीकरण मला जास्त पटतं. आळशी मुलाचा गृहपाठ आपण करून देण्याऐवजी त्याला उठवून बसवावं, तसं.

फायद्याचे पुरावे आहेत आणि चांगले आहेत. २०१७ साली साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी कॉफीवरच्या २०१ एकत्रित विश्लेषणांचा, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षांचा, आढावा घेतला. दिवसाला तीन-चार कप पिणाऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त लाभ दिसला. अजिबात न पिणाऱ्यांशी तुलना करता, तीन कप पिणाऱ्यांमध्ये कोणत्याही कारणाने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी कमी होता. लिव्हरच्या बाबतीत चित्र जास्त ठळक आहे. ब्रिटनमधल्या सुमारे ४ लाख ९५ हजार लोकांच्या २०२१ च्या अभ्यासात कॉफी पिणाऱ्यांमध्ये लिव्हरच्या जुनाट आजाराने मृत्यू ४९ टक्क्यांनी कमी होते. इन्स्टंट पिणाऱ्यांतही लाभ दिसला आणि कॅफिन काढलेली पिणाऱ्यांतही. म्हणजे श्रेय फक्त कॅफिनचं नाही, बाकीच्या घटकांचंही आहे. फॅटी लिव्हर घेऊन आलेला पेशंट कॉफी पीत असेल तर मी त्याला ती चालू ठेवायला सांगते, ते याच कारणाने.

पण हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास. कॉफी पिणाऱ्यांचं पुढे काय झालं ते बघितलेलं, कॉफी देऊन काय होतं ते नव्हे. मधुमेहाचंही असंच. रोज कॉफी पिणाऱ्यांना मधुमेह कमी होतो हे अनेक देशांत दिसलंय. मग सिंगापूरमध्ये प्रत्यक्ष चाचणी घेतली : वजन जास्त असलेले १२६ लोक, त्यांत भारतीय वंशाचेही होते, २४ आठवडे, रोज चार कप. इन्सुलिनच्या संवेदनशीलतेत, म्हणजे शरीर इन्सुलिनला किती दाद देतं त्यात, म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणून भाचीला सांगा, कॉफी हे साखरेचं औषध नाही. तुमच्या ६.१ साठी जेवणानंतरचा वीस मिनिटांचा फेरफटका कॉफीपेक्षा भरवशाचा.

दूध घालावं की काळी घ्यावी? दुधातलं केसिन हे प्रथिन क्लोरोजेनिक आम्लाला चिकटतं. काही छोट्या चाचण्यांत त्यामुळे शोषण घटलेलं दिसलं, काहींत फरक दिसला नाही. दुधासाठी जीव टांगणीला लावू नका. माझा आक्षेप आपल्या घरगुती रीतीवर आहे. आपल्याकडे कॉफी म्हणजे कपभर दूध, दोन चमचे साखर, वर पाव चमचा पावडर आणि किसणीवर दोनदा घासलेलं जायफळ. लग्नघरी रात्री उशिरा ही कॉफी मिळाली की जीव सुखावतो, मलाही फार आवडते. पण हे कॉफीच्या वासाचं गोड दूध झालं, यात अँटिऑक्सिडंट ते किती असणार! तुमचे पाच कप गुणिले दोन चमचे, चमचा ५ ग्रॅमचा धरला तर ५० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेची दिवसाची कमाल मर्यादा साधारण ५० ग्रॅम सांगते आणि २५ च्या आत ठेवा म्हणते. ती सगळी तुमच्या कॉफीतच संपली. पावडर पूर्ण चमचा करा, दूध पाव कप, बाकी पाणी. साखर आठवड्याला अर्धा चमचा या बेताने उतरवा, जीभ महिन्याभरात जुळवून घेते. साखर उतरवताना जायफळ राहू द्या, त्याच्या सुगंधाने गोडी कमी जाणवत नाही.

कॅफिनचा हिशेब हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिलाय. १५० मिलिलिटर उकळून गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५, चहात ३० ते ६५. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम. इन्स्टंटचे पाच कप त्याच्या काठावर येतात, फिल्टरचे तीन कप झाले की संपलं. निम्मं कॅफिन शरीराबाहेर जायला सरासरी पाच तास लागतात. नऊच्या कपातलं निम्मं रात्री दोनलाही अंगात असतं. सातपूर-अंबडला रात्रपाळी करणाऱ्यांना मी हे रोज समजावते, तुम्हाला तर रात्रपाळी करायची नाही. ४८ चं वय, या दिवसांत झोप आधीच नाजूक असते. रात्रीचा कप बंदच करा.

जळजळ होत असेल तर रिकाम्या पोटी घेऊ नका, तरीही होत असेल तर कॉफी तुमच्यासाठी नाही. रक्तदाब असेल तर कॉफीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने एकदा मोजून बघा. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर इन्स्टंट किंवा कागदी फिल्टरची घ्या. उकळलेल्या, न गाळलेल्या कॉफीतले कॅफेस्टॉलसारखे तेलकट घटक वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात, ते कागदात अडकतात, स्टीलच्या जाळीत तितके अडकत नाहीत. आणि उकळती पिऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ साली कॉफीला संशयितांच्या यादीतून बाहेर काढलं, पण ६५ अंशांपेक्षा गरम पेयांबद्दल अन्ननलिकेसाठी इशारा दिला. आपली आजी बशीत ओतून फुंकर घालत प्यायची ना, ती पद्धत उत्तम होती.

ग्रीन कॉफी, म्हणजे न भाजलेल्या बियांची, घेऊ नका. तिने वजन उतरतं हा गाजावाजा भारतात फक्त १६ जणांवर केलेल्या एका चाचणीवर उभा होता. २०१२ साली तो शोधनिबंध छापून आला आणि २०१४ साली मागे घ्यावा लागला, कारण त्यातली माहितीच भरवशाची नव्हती. त्या पुड्यांच्या पैशात काय येईल ते आपल्या नाशकात वेगळं सांगायला नको. हंगामात काळी द्राक्षं मूठभर, सालीसकट. सटाणा-देवळ्याकडचं अर्धं डाळिंब. लासलगावचा लाल कांदा, सोलताना वरचे जाड पापुद्रे भराभर फेकू नका, क्वेर्सेटिन हा अँटिऑक्सिडंट तिथेच जास्त असतो. टोमॅटो तेलात परतून, कारण त्यातला लायकोपीन हा अँटिऑक्सिडंट तेलाबरोबर शोषला जातो. आणि पेरू, आवळा, लिंबू, यांतलं क जीवनसत्त्व तुमचं लोहही आत नेतं. हे कॉफीला जमत नाही.

तर तुमचा दिवस असा लावा. सहाला थायरॉईडची गोळी, साध्या पाण्याने. सातला पहिली कॉफी, सोबत दोन-चार बदाम. साडेआठला नाश्ता, त्यावर लिंबू पिळून, कॉफीशिवाय. अकराच्या सुमाराला दुसरी. एकला जेवण आणि लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, थायरॉईडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर आपोआप सुटतं. तिसरी हवीच असेल तर साडेतीनला, त्यानंतर नाही. दोन महिन्यांनी टीएसएच, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि दोन्ही वेळच्या साखरेचे रिपोर्ट घेऊन मला पुन्हा लिहा. अशक्तपणा वाढला, जिने चढताना धाप लागली, तर मात्र दोन महिने थांबू नका.